राहूचा पहिला अंक

मेलकावेरी, कुंभकोणम्
६ जानेवारी २०२५

जया,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर वेळी लिहून दाखवायला नकोत. पत्र अशासाठी लिहिते आहे की फोनवर कुंभकोणमचं नाव काढलं की तुझ्या दारावर नेमकं कुणीतरी येतं आणि तू फोन ठेवतोस. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा हा कागद सूनबाईच वाचून दाखवणार, आणि तिला मध्येच गप्प करण्याइतका तू उद्धट नाहीस. तिच्यासाठीच पुस्तकी मराठीत लिहिते. घरची बोली लिहिली तर त्या कोल्हापूरच्या पोरीला ती निम्मी तमिळ वाटेल आणि निम्मी बखर.

सूनबाई, तू आता नीट बस. तुझ्या सासऱ्यांनी साखर कारखान्यातल्या हजार गोष्टी तुला सांगितल्या असतील, पण ऐन तरुणपणी त्यांनी एक संगीत नाटक लिहिलं होतं हे काही सांगितलं नसणार. नाव ‘पंगतीतला राहू’. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. देवांच्या पंगतीत अमृत वाढायचं असतं. तिथे राहू चोरून येऊन बसतो. शेजारच्या पानावर चंद्र. दोघांची गट्टी जमते, हसणं-खिदळणं होतं, आणि ऐन वेळी चंद्रच बोट दाखवतो, हा आपल्यातला नाही म्हणून. राहूचं मुंडकं उडतं. हा पहिला अंक. दुसऱ्या अंकात ते नुसतं मुंडकं चंद्राला गिळतं, पण रागाने नव्हे. त्याला एवढंच विचारायचं असतं, का सांगितलंस? आता गळ्याखाली काही नाहीच, त्यामुळे उत्तर यायच्या आत चंद्र खाली पडतो. पुन्हा गिळायचं, पुन्हा विचारायचं.

हे रडायचं नाटक आहे. गावाने मात्र ते पोट धरधरून हसत पाहिलं, आणि त्याला कारण तुझे सासरेच. यांनी प्रयोग लावला रविवारी साडेचारला. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. त्या वेळात आमच्या गावात कुणी नवी साडी नेसत नाही, नव्या लोणच्याची बरणी उघडत नाही, मग नव्या नाटकाला कोण येतंय? पण राहूचं नाटक राहुकाळातच सुरू होणार असा यांचा हट्ट. व्यंकोजी मामा म्हणजे पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेल्या आमच्या मराठी मंडळींचं चालतंबोलतं पंचांग. ते मंडपाच्या दारात घड्याळ घेऊन उभे राहिले. सगळी मंडळी बाहेर कॉफी पीत थांबली आणि आत पहिला अंक रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. सहा वाजले तसे सगळे एकदम आत घुसले, हातात कॉफीचे टंबलर तसेच. समोर काय, तर टेबलावर राहू झालेल्या कल्याणरामचं नुसतं मुंडकं, नीळ फासलेलं, आणि ते विचारतंय, का सांगितलंस? कुणी, काय, कुणाला सांगितलं, पत्ता नाही. तेवढ्यात चंद्र म्हणून धरलेलं ताट निसटलं आणि गडगडत पहिल्या रांगेत गेलं. कुणीतरी टंबलर आपटून ‘पडला!’ म्हणून ओरडलं. मग काय विचारतेस! पडदा पडेपर्यंत हशा थांबला नाही.

जया, त्याच आठवड्यात तू गाव सोडलंस. आईच्या वेळी आलास तेवढाच, तेही मान खाली घालून. पण तू गेल्यावर नाटक गेलं नाही रे. कॅसेट निघाली होती ना, तीही दुसऱ्या अंकाची, कारण टेपरेकॉर्डरवालाही बाहेर कॉफीच पीत होता. ती कॅसेट घासून घासून लोकांना अख्खा अंक पाठ झाला. आता दर दोन-चार वर्षांनी आपली मंडळी तो मंडपात करतात, सहाच्या ठोक्याला, थेट मुंडक्यापासून. घरून टंबलर घेऊन येतात. राहूने ‘का सांगितलंस?’ म्हटलं की सगळा मंडप टंबलर आपटून ‘पडला!’ म्हणतो. चंद्राचं ताट मुद्दाम लोकांत सोडतात, आणि ज्याच्या मांडीवर ते पडेल त्याचं वर्षात लग्न होतं म्हणे.

यंदा ते करायला घेतलं आहे हरिणीने. ही व्यंकोजी मामांची नात, दातांची डॉक्टर. तिचं म्हणणं, करायचं तर दोन्ही अंक. पहिला अंक गावात आता अख्खा फक्त मला येतो, कारण तेव्हा विंगेत बसून प्रॉम्प्टिंग मी करत होते. म्हणून मी तिला तो शिकवते आहे. माझा संबंध एवढाच. राहू कल्याणरामच करणार.

प्रयोग सोळा फेब्रुवारीला. तू यावंस एवढंच माझं मागणं आहे. तुझं नाटक लोकांत बसून तू एकदाही पाहिलेलं नाहीस, आणि आपण दोघं आता काही लहान नाही.

तुझी अक्का


मेलकावेरी
२० जानेवारी

जया,

सूनबाईने फोन करून तुझा निरोप दिला. ‘राहूला आता झोपू द्या.’ एवढं मोठं पत्र मी लिहिलं आणि त्याला उत्तर एवढंसं. बरं तर बरं, निदान निरोप देताना ती पोर हसत होती. मला म्हणाली, ‘आत्या, मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्या वेळी त्यांनीच सांगितलं.’ हे वाक्य वाचताना ती आता लाजली असेल. लाजू नकोस गं, असे हेर घरात लागतातच.

राहूला झोपवणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात जे आहे ते सगळं बिघडलेलं आहे. पहिलं म्हणजे कल्याणराम. त्याच्या पुढच्या दातांनी या वयात दगा दिला आणि हरिणीनेच ते काढले. नवे बसायला अवकाश आहे. आता राहूच्या तोंडी सगळे स आणि च, आणि नेमके तेच निसटतात. परवा तालमीत ‘का सांगितलंस’ म्हणताना त्याने चंद्र होणाऱ्या पोरीवर अशी काही फवारणी केली की तिने पदर तोंडावर घेतला. हरिणीचं तोंड बघण्यासारखं झालं. दिग्दर्शक म्हणून रागवावं तर दात तिनेच काढलेले. कुणीतरी दुसरा राहू मिळेलच. गावात गाणाऱ्या गळ्यांना तोटा नाही.

दुसरं दुखणं जुनंच. पहिल्या अंकाला माणसं कुठून आणायची? हरिणी घरोघर जाऊन आली. सगळे कौतुक करतात, केळ्याचे वेफर्स पुढे करतात आणि म्हणतात, ‘येतों की, सहाला!’ तिने वेळ बदलावी म्हटलं तर ती तुझ्याच वळणावर गेलेली. नाटककाराने साडेचार लिहिलं आहे, मी साडेचारलाच करणार. अरे, तुझी बाजू घेणारं एक माणूस निघालं, आणि ते व्यंकोजी मामांच्या घरात.

मी गणित शिकवण्यात जन्म घालवला, मला यात तर्क दिसत नाही. पट्टीश्वरमला दुर्गेपुढे लिंबाचे दिवे लावायला हीच मंडळी राहुकाळ गाठून जातात. तेव्हा चालतं. मामांना मी हे विचारलं तर म्हणाले, ‘ती पूजा, बाई. पूजेला राहुकालम् बरें. तमाशाला नव्हे.’ वर मला त्यांनी स्वतःच्या वाटणीची कॉफी दिली. त्या माणसावर धड रागावताही येत नाही.

माझा घसा बसला आहे. मिरीचा काढा घेते आहे. थंडीमुळे झालं असेल. इथे थंडी पडत नाही हे तुला ठाऊक आहे, तरीही थंडीच. सारखं वरच्या पट्टीत बोलावं लागतं, तेही कारण असेल. गुडघेही कुरकुरतात, पण ते खाली बसून उठल्यामुळे. का खाली बसते ते विचारू नकोस.

अक्का


मेलकावेरी
४ फेब्रुवारी

जया,

सूनबाई, तूच त्यांना सांगून टाकलंस ना? तुझा फोन आला तेव्हा मी तालमीत टेबलाखाली होते आणि फोन हरिणीने घेतला, तिथेच घोटाळा झाला. असो. होय, राहू मी आहे. या वयात नीळ फासून टेबलाच्या भोकातून डोकं बाहेर काढून बसते. खाली एक ठेंगणं स्टूल आहे, त्यावर उशी. सगळ्यात वाईट म्हणजे नाकाला खाज सुटते आणि हात टेबलाखाली. काल न राहवून चंद्राला हळूच म्हटलं, ‘माझं नाक खाजव गं.’ तर तिला ते नाटकातलंच वाटलं आणि ती उत्तर शोधत बसली.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू हसशील असं वाटलं. म्हणजे हसलास तर बरंच होतं, पण लांबून हसणं मला नको होतं.

तो विषय इथे संपला. आता खरी बातमी ऐक. मी गेले काही दिवस नुसती ती मनात घोळवते आहे.

शुक्रवारी संध्याकाळी हरिणी आजोबांपुढे बसली आणि रडली. रागाने नाही, थकून. म्हणाली, ‘थाता, अर्धें नाटक रिकाम्या खुर्च्यांस दाखवूं? तो राहू कां रडतो तें कोणास कळणार? तुमीच सांगा, काय करूं?’ मी तिथेच बसले होते. मामा उठले. जपाची माळ घेऊन ओटीवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. वय नव्वदीला टेकलेलं, हातात काठी, आणि चप्पल न काढताच म्हणाले, ‘बाई, प्रस्थान ठेवा.’

मला आधी कळलंच नाही. मग एकदम लख्ख प्रकाश पडला. सूनबाई, तुमच्याकडे हे अजून असेल-नसेल. प्रवासाला निघायची वेळ चांगली नसली तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपली एखादी वस्तू, पिशवी म्हण, पंचा म्हण, शेजारी नेऊन ठेवायची. तेच प्रस्थान. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग खुशाल राहुकाळात घराबाहेर पडा, कारण तुम्ही निघून कधीच झालेलं असतं. आपले बाबा परीक्षेच्या गावी जायचे तेव्हा छत्री प्रस्थानाला ठेवायचे, आठवतं का जया?

मामांचं म्हणणं असं की प्रयोगाच्या दिवशी चारच्या आत ज्याने त्याने आपला टंबलर आपल्या खुर्चीवर आणून ठेवावा आणि घरी जावं. टंबलर बसला म्हणजे माणूस बसलं. मग साडेचारला या, पावणेपाचला या, दोष नाही.

माझ्या तोंडून निघूनच गेलं. ‘मामा, हें तुमास तेव्हां कां सुचलें नाहीं? माझा भाऊ गांव सोडून गेला!’

ते खाली बसले. मग म्हणाले, ‘कोणी विचारलें नाहीं, बाई. तुझा भाऊ आला, राहुकालम् खोटें मणून सांगिटला. खोटें मटल्यावर मी दारांत उभा राहिलों. तो वाट विचारता तर मी वाट दाखविता. मज तेवढेंच येतें.’ आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘आंत गाणारीं पोरें भलीं होतीं. गळे फार चांगले. मी बाहेर उभा होतों, मज ऐकूं येत होतें.’

जया, तेव्हा दाराबाहेर एक माणूस ऐकत होता. आत नव्हता, पण ऐकत होता. मला वाटलं, हे तुला ताबडतोब कळायला हवं. फोन उचलला आणि परत ठेवला, कारण तुझ्या दारावर कुणीतरी आलं असतं.

सोळा तारीख. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला सांगितली आहे.

अक्का


मेलकावेरी
१७ फेब्रुवारी

जया,

तू आला नाहीस. मी फार वाट पाहिली असं लिहिणार नव्हते, पण पाहिली. शेवटपर्यंत दाराकडे डोळे होते, आणि टेबलाच्या भोकात अडकलेल्या डोक्याला दुसरीकडे बघताही येत नाही. झालं, तेवढाच रुसवा. आता आनंदाचं लिहिते, कारण आनंद इतका झाला आहे की रुसायला सवडच नाही.

दुपारी तीनपासून माणसं यायला लागली. नीळ लावून घेत होते, ती अर्धवट टाकून मी पडद्याच्या फटीतून बघत राहिले. एकेक जण यायचा, खुर्ची निवडायचा, टंबलर ठेवायचा, त्याला हात जोडल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. काहींनी नावाच्या चिठ्ठ्या आत घातल्या. सरोजा मामींनी तर स्वतःचा नि नवऱ्याचा असे दोन ठेवले आणि दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली, घरी बसतात तशीच. चारला मंडपात माणूस एक नाही आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या. एवढं पितळ नि एवढं स्टील माझ्याकडे बघत बसलेलं पाहून मला हसूच यायला लागलं.

साडेचारला हरिणीने घंटा दिली. मामा दारात उभे होते. त्याच दारात, तसेच घड्याळ घेऊन. बाहेर सगळा जमाव. आणि कुणीही हलेना! टंबलर आत, माणसं बाहेर. शास्त्र पटलं होतं, पाय उचलत नव्हते. हरिणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. चंद्र तर रडायच्या बेतात. मग मामांनी घड्याळ कनवटीला लावलं, काठी टेकली आणि उजवा पाय आत टाकला. पहिल्या रांगेत आपल्या टंबलरापाशी गेले, तो उचलून मांडीवर घेतला आणि बसले. मागे वळून एवढंच म्हणाले, ‘काय रे, तुमची भांडीं बसलीं, तुमास काय जालें?’

त्यानंतर जी रीघ लागली ती लागली.

पहिला अंक झाला, जया. माणसांपुढे झाला. तुझी ती पंगत, राहूने शेजारच्या पानावरची शेवई चोरणं, चंद्राचं त्याला सांभाळून घेणं. लोक हसले ते जिथे तू हसायला लिहिलं आहेस तिथेच. आणि चंद्राने बोट दाखवलं तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, ‘अय्यो, नको गं!’ मुंडकं उडाल्यावरचं गाणं मी म्हटलं, ‘ओंजळ नाही मला आता, तुला कुठे ठेवू.’ टंबलरचा एक आवाज नाही. पहिल्या रांगेत मामा पंच्याने डोळे पुसत होते, आणि त्यांच्याकडे बघून माझाच आवाज कापला. चांगलं झालं नाही ते गाणं, पण म्हटलं.

आता दुसरा अंक ऐक. मला वाटलं होतं, पहिला अंक पाहिला की लोक दुसऱ्याला हसायचे नाहीत, तुझं नाटक एकदाचं तुला हवं तसं होईल. पडदा उघडला. मी चंद्राला गिळलं आणि विचारलं, ‘का सांगितलंस?’ ताट खाली पडलं. सगळा मंडप चिडीचूप. इतकी शांतता की पंख्याची करकर ऐकू येत होती. आणि खरं सांगू? मला ते अजिबात सोसेना. मी टेबलावर नुसतं डोकं, समोर एवढी ओळखीची माणसं, आणि कुणी काही बोलत नाही. मी पुढचं वाक्य विसरले. तुझं वाक्य, जे मला झोपेतही येतं.

तेव्हा पहिल्या रांगेत एक टंबलर वाजला. एकदाच. आणि मामा, आपल्या त्या फाटक्या आवाजात म्हणाले, ‘पडला!’

मग असा कल्लोळ उठला! टंबलर, पाय, टाळ्या. लोक रडत होते आणि ‘पडला, पडला!’ ओरडत होते. मीही हसायला लागले, निळं तोंड घेऊन. तुला कुणी हसत नव्हतं रे. राहू एकटा पडला होता आणि हे सगळे त्याला हाक मारत होते. आधी काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि आता तिकडे जाऊन बघता येणार नाही. काल हे असं होतं. मी त्या टेबलात बसून ऐकलं आहे, तेव्हा माझं ऐक.

ताटाचं सांगायचं राहिलंच. ते गेलं गडगडत आणि नेमकं मामांच्या मांडीवर चढलं. मंडपात नुसती उलथापालथ. कल्याणराम दातांशिवाय ओरडला, ‘मामा, मुहूर्त काढा!’ मामांनी खरोखर पंचांग मागवलं.

हरिणीने सगळं फोनवर चित्रित केलं आहे. सूनबाईच्या फोनवर पाठवायला सांगितलं आहे. बघायचं तर बघ. डोळ्यांनी नाही दिसलं तर कानांनी ऐक. नाही तर राहू दे.

अक्का


मेलकावेरी
३ मार्च

जया,

काल तू फोन केलास. मी आपली वाटाणे सोलत बसले होते. हॅलो नाही, कशी आहेस नाही. एकदम, ‘पहिल्या अंकाला माणसं होती?’

मी म्हटलं, ‘भरलेला मंडप तू ऐकला नाहीस काय?’

तू म्हणालास, ‘मज वाटलें, तुमी टाळ्या मागून चिकटवल्या.’

घरच्या बोलीत बोललास. किती वर्षांनी, ते मी मोजणार नाही. इतकी वर्षं फोनवर तू माझ्याशी कोल्हापूरची मराठी बोलायचास, आणि मीही मग शाळेतल्या बाईसारखी बोलायची. तुझ्या तोंडून ‘मज’ ऐकलं आणि वाटाण्यांची परात मांडीवरून खाली गेली. तू विचारलंस, काय पडलं? मी सांगितलं नाही.

मला वाटलं, आता दारावर कुणीतरी येणार. पण तू म्हणालास, ‘व्यंकोजी मामा रडले कीं, खोकले?’

‘रडले.’

आणि मग जे सुरू झालास, बाबा रे! पंगतीच्या गाण्याची लय मेलेली आहे. चंद्र होणारी पोर श्वास भलत्याच जागी घेते. पखवाज कुणी वाजवला, त्याला आधी घरी पाठवा. आणि ‘ओंजळ नाही मला’मध्ये ‘कुठे’वर मी गांधार चढा लावते. तिथे उतरता आहे. तू आता त्याला कोमल म्हणतोस, आपण इथे साधारण म्हणायचो. मी चढा लावल्यामुळे राहू रडत नाही, भांडतो, असं तू म्हणालास. सगळ्या गाण्याची माती केली, असंही म्हणालास.

मी म्हटलं, मग कसं ते म्हणून दाखव. तू म्हटलंस. सूनबाई, तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस का? ऐकलंस? त्यांचा आवाज गंजला आहे, वर जाताना चिरकतो, पण गांधार बरोबर जागेवर लागला. मी फोन कानापासून लांब धरला, कारण माझं रडणं त्यांना ऐकू जायला नको होतं.

जया, आता शांतपणे ऐक. लोकांना पुन्हा प्रयोग हवा आहे. स्वामीमलै, पट्टीश्वरमची मंडळीही येतो म्हणतात. पाडवा यंदा रविवारीच आला आहे, तीस तारखेला. त्याच दिवशी, साडेचारला. व्यंकोजी मामांनी तुला निरोप दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत देते: ‘त्यास सांग, या खेपेस मी दारांत नाहीं. आंत आहें.’

लयीचं मी हरिणीला सांगितलं. चंद्राच्या श्वासाचं सांगितलं. पखवाजवाल्याला घरी पाठवता येत नाही, तो हरिणीचा होणारा नवरा आहे, पण त्याचेही कान उपटले. सगळं तुझ्या मनासारखं होईल.

फक्त तो गांधार मी बदललेला नाही. आज सकाळी तालमीत हरिणी म्हणाली, ‘अक्का, तो स्वर नीट करून घ्या.’ मी नाही म्हटलं. फोनवरून ऐकून मला तो लागतो, चांगला लागतो, काल परत परत म्हणून पाहिला. तरी पाडव्याला मी तो चढाच लावणार आहे. भर मंडपात, सगळ्या गावापुढे, तुझ्या नावावर. तुला ते चालणार नसेल तर समोर येऊन बस आणि मला थांबव.

तुझी अक्का